व्हिसा कोणाच्या आधारावर?

संयुक्त अरब अमिरातीत आज पस्तीस लाखांहून अधिक भारतीय राहतात. देशाच्या एकूण वस्तीत दर तीन माणसांमागे जवळजवळ एक भारतीय आहे. खुद्द अमिराती नागरिकांचं प्रमाण मात्र दहातल्या एखाद्यापेक्षा फारसं जास्त नाही. या भारतीयांपैकी कित्येकांनी तिथे पंचवीस-तीस वर्षं काढली आहेत. त्यांची मुलं शारजात जन्मली, तिथल्याच शाळेत शिकली, आणि त्या मुलांच्या हातातही भारताचाच पासपोर्ट आहे. अमेरिकेत किंवा कॅनडात गेलेला माणूस काही वर्षांनी तिथला कायमचा रहिवासी होऊ शकतो आणि पुढे नागरिकही. आखातात तशी वाट जवळपास नाहीच. २०२१ च्या जानेवारीत अमिरातीने कायदा बदलून काही निवडक शास्त्रज्ञ, डॉक्टर, कलावंत आणि गुंतवणूकदारांना नागरिकत्वाचं दार उघडलं, पण त्यासाठी अर्ज करता येत नाही. राजघराण्याने किंवा सरकारी यंत्रणेने नाव सुचवावं लागतं.

म्हणजे दुबईत राहणारा भारतीय कितीही वर्षं राहिला तरी परवान्यावरच राहतो, आणि हा परवाना कशावर तरी टेकलेला असतो. तो टेकू मालकाचा असेल, नवऱ्याचा किंवा बायकोचा असेल, घराचा, पदवीचा नाहीतर बँकेतल्या रकमेचा असेल. लोक व्हिसा निवडताना पहिला प्रश्न विचारतात, "किती वर्षांचा आहे?" माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. व्हिसा कोणाच्या आधारावर उभा आहे आणि तो आधार सुटला तर हातात किती दिवस उरतात, हे आधी पाहायला हवं. या प्रकरणात अमिरातीतल्या निरनिराळ्या व्हिसांकडे याच अंगाने पाहू.

थोडं मागे जाऊ. ट्रुशियल स्टेट्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या किनाऱ्यावर १९६६ पर्यंत भारतीय रुपया चालत होता. १९५९ पासून रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटा छापत होती. मुंबईहून गलबतं जात, व्यापारी येत-जात. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि तिथल्या शेखांनी तो सोडला. त्याच वर्षी दुबईच्या समुद्रात तेल सापडलं. अबूधाबीला ते आधीच, १९५८ मध्ये मिळालं होतं. २ डिसेंबर १९७१ ला संघराज्य जन्माला आलं तेव्हा हाती पैसा होता, बांधायला अख्खा देश होता आणि माणसं मूठभर होती. माणसं बाहेरून आणायची होती, पण ती कायमची राहावीत असं कोणाला वाटत नव्हतं. म्हणून परक्या माणसाची जबाबदारी सरकारने आपल्या अंगावर न घेता त्याला बोलावणाऱ्यावर टाकली. त्याला सगळं आखात कफील म्हणतं. माणूस देशात राहणार तो कफीलच्या नावावर, आणि कफीलशी नातं तुटलं की निघणार. खेड, चिपळूण, मंडणगड, म्हसळा, श्रीवर्धनच्या घराघरांतून गेलेली पहिली पिढी याच नियमाखाली राहिली. तिच्यातल्या बहुतेकांचे पासपोर्ट मालकाच्या कपाटात असत.

आजही अमिरातीत जाणारे बहुसंख्य लोक नोकरीच्या व्हिसावरच जातात. कंपनी मनुष्यबळ मंत्रालयाकडून कामाचा परवाना घेते, मग प्रवेश परवाना निघतो. त्यावर माणूस उतरतो आणि त्याच्याकडे पुढची कामं उरकायला ६० दिवस असतात. रक्ताची तपासणी, छातीचा एक्स-रे, बोटांचे ठसे, आणि शेवटी एमिरेट्स आयडी. एचआयव्ही निघाला तर परत पाठवतात. क्षयाचं निदान झालं तर पुढे काय, हे माणूस नवा आहे की जुना यावर ठरतं. २०२२ पर्यंत पासपोर्टवर गुलाबीसर स्टिकर लागायचं, ते आता बंद झालं. एमिरेट्स आयडीचं कार्ड हाच रहिवासाचा पुरावा. खासगी कंपनीचा हा व्हिसा साधारणपणे दोन वर्षांचा असतो आणि नोकरी टिकली तर नव्याने निघत राहतो.

या सगळ्यात सर्वात महत्त्वाचा कागद कोणता विचाराल, तर तो व्हिसा नाहीच. तो आहे मंत्रालयाच्या छापील नमुन्यातलं ऑफर लेटर. समजा, चिपळूणचा एक एसी मेकॅनिक आहे. त्याचा मामा शारजात आहे, त्याच्याच ओळखीने नोकरी मिळाली. ऑफर आली म्हणून हा आनंदाने फोन करतो.

"मामा, पगार तीन हजार दिरहम लिहिलाय."

"तीन हजार खालच्या ओळीत असेल रे. वर बेसिक किती आहे ते वाच."

"बेसिक बाराशे. मग घरभाडं, मग इतर भत्ता."

"सही करू नकोस. बेसिक दोन हजार तरी कर म्हणावं."

भाच्याला हे कटकटीचं वाटेल, कारण महिन्याला हातात पडणारे पैसे तेवढेच. फरक कळतो तो निघताना. अमिरातीत परक्या कामगाराला पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी आहे. ती शेवटच्या मूळ पगारावर मोजतात. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचा, त्यापुढच्या प्रत्येक वर्षामागे ३० दिवसांचा. सहा वर्षं काम केलं आणि बेसिक बाराशे असेल तर हिशेब ५,४०० दिरहमांवर थांबतो. बेसिक दोन हजार असेल तर तोच ९,००० होतो. आणखी एक गोष्ट मामाला ठाऊक असते. गावात एजंटाने दाखवलेला कागद आणि मंत्रालयात नोंदलेला करार हे दोन वेगळे असू शकतात. खरा तो मंत्रालयातला. ऑफर लेटरवर क्रमांक असतो, त्यावरून मंत्रालयाच्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर तो पडताळून पाहता येतो. विमानात बसण्याआधी हे काम पाच मिनिटांत होतं. उतरल्यावर तक्रार करायची म्हटली तर महिने जातात.

या मुलाने दहावी केली नसेल तर त्याच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे परदेशी कामाला जाण्याआधी परवानगी हवी, अशी नोंद असते. १९८३ च्या भारतीय कायद्याप्रमाणे अशा माणसाला अमिरातीसह अठरा देशांत कामाला जायचं असेल तर सरकारच्या ई-मायग्रेट यंत्रणेतून मंजुरी घ्यावी लागते, आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेचा दहा लाखांचा विमाही. नोंदणीकृत एजंटाला सेवेसाठी तीस हजार रुपये अधिक जीएसटी इतकंच घेता येतं. कोकणातल्या गावांत याच्या कितीतरी पट रक्कम घेतली जाते आणि ती कर्ज काढून दिली जाते. अमिरातीच्या कायद्याप्रमाणे तर व्हिसाचा आणि भरतीचा खर्च मालकानेच करायचा आहे, कामगाराकडून तो वसूल करायला बंदी आहे. पासपोर्ट ठेवून घेण्यालाही बंदी आहे. हे कायद्यात आहे म्हणून सगळीकडे पाळलं जातं असं नाही, पण मागायला आधार आहे हे ठाऊक असावं.

आता 'आझाद व्हिसा'. आखातातल्या आपल्या माणसांत हा शब्द सर्रास चालतो. कोणीतरी आपल्या कंपनीच्या नावावर व्हिसा काढून देतो, त्याचे पैसे घेतो आणि सांगतो, "जा, कुठेही काम कर." असा कोणताही व्हिसा अमिरातीच्या कायद्यात नाही. कागदावर एका कंपनीचा आणि काम दुसऱ्याकडे, हा गुन्हा आहे. व्हिजिट व्हिसावर येऊन काम करणं हाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अशा मालकांसाठी दंड एक लाखापासून दहा लाख दिरहमांपर्यंत वाढवला गेला. तरीही यात भरडला जातो तो कामगारच, कारण पगार बुडाला तर तो कोणाविरुद्ध तक्रार करणार? ज्याच्याकडे काम केलं त्याच्याशी त्याचा करार नाही, आणि ज्याच्याशी करार आहे त्याच्याकडे त्याने कामच केलेलं नाही. नोकरी शोधायलाच जायचं असेल तर २०२२ पासून त्यासाठी स्वतंत्र व्हिसा आहे, ६०, ९० किंवा १२० दिवसांचा. त्याला प्रायोजक लागत नाही. पण तो पदवीधरांसाठी आणि वरच्या कौशल्यगटांसाठी आहे. आमच्या मेकॅनिकला त्याचा उपयोग नाही.

नोकरीच्या व्हिसाचा टेकू म्हणजे नोकरी. ती सुटली की व्हिसा रद्द होतो आणि दिवस मोजायला सुरुवात होते. पूर्वी सरसकट ३० दिवस मिळत. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये नवी व्हिसा पद्धत लागू झाली आणि ही सवलत गटानुसार ६० ते १८० दिवसांपर्यंत गेली. आपल्या वाट्याला नेमके किती दिवस आले, ते व्हिसा रद्द झाल्याच्या कागदावर तारखेसकट छापलेलं असतं. शेजाऱ्याला किती मिळाले ते विचारू नये, तो कागद वाचावा. तारीख उलटली की दिवसाला ५० दिरहम दंड.

रद्द करतानाचा एक क्षण फार जपण्यासारखा आहे. कंपनीची सरकारी कामं पाहणारा माणूस, म्हणजे पीआरओ, एक फॉर्म पुढे करतो. त्यात लिहिलेलं असतं की मला माझे सगळे हक्काचे पैसे मिळाले. बरेच जण वाचत नाहीत, काही वाचूनही भिडेखातर सही करतात, कारण "पैसे पुढच्या आठवड्यात खात्यात येतील" असं साहेबांनी सांगितलेलं असतं. सही झाल्यावर मंत्रालयात दाद मागणं फार अवघड होऊन बसतं. पैसे खात्यात दिसेपर्यंत सही करायची नाही. करार संपल्यापासून १४ दिवसांत सगळी देणी चुकती करणं मालकावर बंधनकारक आहे, तेव्हा यात उद्धटपणा काही नाही.

मालकाशी बांधलेली गाठ गेल्या काही वर्षांत सैल झाली, हे मात्र खरं. २००९ पासून पगार बँकेतून देण्याची आणि त्यावर मंत्रालयाने नजर ठेवण्याची व्यवस्था आहे. २०१६ च्या नियमांनी नोटीस देऊन दुसरीकडे जाणं सोपं केलं. २०२२ च्या फेब्रुवारीत नवा कामगार कायदा आला. त्यात चाचणीचा काळ जास्तीत जास्त सहा महिने आणि नोटीस ३० ते ९० दिवस ठरली. २०२३ पासून बेकारीचा विमा सक्तीचा झाला. मूळ पगार १६,००० दिरहमांपर्यंत असेल तर महिन्याला पाच दिरहम भरायचे. नोकरी गेली, आणि ती शिस्तभंगासाठी किंवा आपणहून सोडलेली नसेल, तर तीन महिने मूळ पगाराच्या ६० टक्के मिळतात. त्याला अट अशी की आधी सलग बारा महिने हप्ते भरलेले हवेत. हा विमा न घेतला तर ४०० दिरहम दंड आहे, म्हणून लोक तो घेतात. तो आपल्या कामाचा आहे हे मात्र पुष्कळांना नोकरी गेल्यावरच उमगतं.

सैल झाली तरी गाठ आहेच. न कळवता सात दिवसांहून अधिक कामावर न गेलेल्या माणसाला मालक 'फरार' म्हणून नोंदवू शकतो, आणि ते सिद्ध झालं तर वर्षभर नवा कामाचा परवाना मिळत नाही. मालकाशी भांडण झालं की खोलीवर बसून राहणारे लोक याच सापळ्यात अडकतात. भांडण असेल तर आधी मंत्रालयात तक्रार नोंदवावी आणि मग घरी बसावं. क्रम उलटा झाला तर खरं बोलणाऱ्यालाच आपलं म्हणणं सिद्ध करत फिरावं लागतं.

कुटुंबाचा व्हिसा म्हणजे टेकूवर टेकू. महिन्याला ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहायला जागा, एवढं मिळवणारा माणूस बायको-मुलांना आपल्या नावावर आणू शकतो. बायको कमावती असेल तर तीही नवऱ्याला आणू शकते. मुलगा अविवाहित असेल तर २५ वर्षांपर्यंत आई-बापांच्या व्हिसावर राहतो. २०२२ च्या आधी ही मर्यादा १८ होती, आणि बारावी झालेल्या मुलाला कुठे पाठवायचं ही आखातातल्या प्रत्येक घराची विवंचना असे. मुलगी लग्न होईपर्यंत राहू शकते. बाळ तिथे जन्मलं तर १२० दिवसांत त्याचा रहिवास काढावा लागतो, आणि भारतीय वकिलातीत जन्माची नोंद वर्षाच्या आत करावी लागते, नाहीतर भारताच्या नागरिकत्वाचं प्रकरण किचकट होतं. ही दुसरी नोंद अधिक महत्त्वाची, कारण बाळाला दुसरा कोणताच देश मिळणार नाही.

महाराष्ट्रातल्या जोडप्यांना यात एक खास अडचण येते, ती कागदांची. अपोस्टिल, म्हणजे अनेक देशांत चालणारा साक्षांकनाचा एकच शिक्का, अमिराती मानत नाही. लग्नाचा दाखला आधी राज्य सरकारच्या मंत्रालयातून, मग भारताच्या परराष्ट्र खात्याकडून, मग अमिरातीच्या वकिलातीकडून साक्षांकित करून घ्यावा लागतो. तिकडे पोहोचल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का आणि अरबी भाषांतर. हा द्राविडी प्राणायाम एजंट करून देतात, पण नावांचा घोळ एजंट सोडवू शकत नाही. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर ते नवऱ्याचं होतं. आडनाव बदलतं, कधी पहिलं नावही बदलतं. पासपोर्ट माहेरच्या नावाने, लग्नाचा दाखला सासरच्या, आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं तिसरंच नाव, अशी घरं मी पाहिली आहेत. दुबईच्या टायपिंग सेंटरमधला माणूस हा फॉर्म भरताना थबकतो, कारण त्याच्या संगणकाला ही बाई एकच आहे हे पटत नाही. शिवाय २०२२ च्या नोव्हेंबरपासून पासपोर्टवर आडनाव किंवा पहिलं नाव यांतली एक जागा रिकामी असलेल्या माणसाला व्हिजिट व्हिसावर अमिरातीत प्रवेश देत नाहीत. म्हणून लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलायचं की नाही, हे व्हिसाचा अर्ज भरण्याआधी ठरवावं आणि मग सगळे कागद त्याच नावाने करावेत.

कुटुंबाच्या व्हिसाची खरी परीक्षा टेकू निघाल्यावर होते. नवऱ्याची नोकरी गेली की सगळ्या घराचा व्हिसा डळमळतो. त्याचा व्हिसा रद्द करण्याआधी बायको-मुलांचे रद्द करावे लागतात किंवा दुसऱ्या कोणाच्या नावावर करावे लागतात. शाळेचं वर्ष मध्येच असतं. ज्या घरात दोघंही नोकरी करतात त्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नवऱ्याच्या व्हिसावर राहूनही बायको काम करू शकते, तिच्या कंपनीने फक्त कामाचा परवाना काढायचा असतो. तिची नोकरी गेली तरी तिचा रहिवास शाबूत राहतो. दोघांपैकी ज्याची नोकरी अधिक पक्की त्याच्या नावावर कुटुंब ठेवावं, हा हिशेब फार कमी घरं करतात. सवयीने नवराच प्रायोजक होतो. आणि नवरा वारला, किंवा घटस्फोट झाला तर? २०१८ च्या आधी त्या बाईला मुलांना घेऊन निघावंच लागे. त्या वर्षापासून विधवांना आणि घटस्फोटितांना प्रायोजकाशिवाय एक वर्षाचा रहिवास मिळू लागला. अमिरातीने केलेल्या सगळ्या सुधारणांत मला हीच सर्वात मोलाची वाटते, आणि जाहिरात मात्र हिचीच सर्वात कमी झाली.

जाहिरात झाली ती गोल्डन व्हिसाची. २०१९ मध्ये तो सुरू झाला. त्यामागे सरकारचा स्वार्थ स्पष्ट होता. २००८-०९ च्या मंदीत अमिरातीने पाहिलं होतं, आणि २०२० च्या साथीत पुन्हा दिसलं, की संकट आलं की परकी माणसं निघून जातात, कारण त्यांना राहण्याचा हक्कच उरत नाही. जाताना ती बंद घरं आणि बंद दुकानं मागे ठेवतात. देशाला तेलापलीकडे उभं राहायचं असेल तर डॉक्टर, अभियंते आणि पैसेवाले टिकवायला हवेत. म्हणून या लोकांसाठी टेकू बदलला. मालकाऐवजी त्यांची स्वतःची पात्रता किंवा मालमत्ता.

गोल्डन व्हिसा दहा वर्षांचा. दोन ठळक वाटा आहेत. वीस लाख दिरहमांचं घर, किंवा महिना ३०,००० दिरहमांपुढचा पगार आणि पदवी. शास्त्रज्ञ, डॉक्टर, उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेले विद्यार्थी, उद्योजक यांच्यासाठी वेगळे निकष आहेत. याचं सर्वात मोठं बळ दहा वर्षांत नसून दुसऱ्या एका सवलतीत आहे. साधा रहिवासी सलग सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिला तर त्याचा व्हिसा बाद होतो. गोल्डनवाल्याला ही अट नाही. आई आजारी म्हणून आठ महिने सांगलीत राहावं लागलं तरी परत जाता येतं.

२०२५ च्या जुलैमध्ये भारतातल्या वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर बातमी फिरली की एक लाख दिरहम, म्हणजे सुमारे २३ लाख रुपये भरले की भारतीयांना आजन्म गोल्डन व्हिसा मिळेल. दोन-तीन दिवसांत अमिरातीच्या ओळख आणि नागरिकत्व प्राधिकरणाने ती फेटाळली. तोवर कित्येकांनी चौकशीचे अर्ज भरले होते. फेटाळल्याची बातमी मूळ बातमीइतकी पोहोचली नाही, आणि अजूनही ते २३ लाख विचारणारे लोक भेटतात. असा व्हिसा नाही. अर्ज फक्त सरकारी खिडकीतूनच होतो.

महाराष्ट्रात राहून वीस लाख दिरहमांचं घर घेऊ पाहणाऱ्यांसाठी आणखी एक आकडा. अमिरातीचा दिरहम डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७. त्या हिशेबाने वीस लाख दिरहम म्हणजे सुमारे ५ लाख ४५ हजार डॉलर. रिझर्व्ह बँकेच्या योजनेप्रमाणे भारतातला रहिवासी एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवू शकतो. एकट्याने पाठवायचे तर तीन आर्थिक वर्षं लागतील. नवरा-बायकोंनी मिळून पाठवले तरी एका वर्षात पुरत नाहीत. ही मर्यादा चुकवायला हवाला किंवा दुसऱ्याच्या खात्याचा मार्ग सुचवणारे दलाल असतात. तो गुन्हा आहे, आणि परदेशातल्या घरांवर प्राप्तिकर खात्याची नजर आता चांगलीच आहे.

ग्रीन व्हिसाबद्दल कमी बोललं जातं, पण मध्यमवर्गीय मराठी माणसासाठी तोच अधिक जवळचा आहे. तो पाच वर्षांचा. पदवी, वरच्या तीन कौशल्यगटांतलं काम आणि किमान १५,००० दिरहम पगार असलेला माणूस स्वतःच स्वतःचा प्रायोजक होतो. कामाचा परवाना कंपनीचा, रहिवास मात्र स्वतःचा. स्वतंत्र काम करणाऱ्यांसाठीही तो आहे. मंत्रालयाचा परवाना आणि मागच्या दोन वर्षांत वर्षाला ३,६०,००० दिरहमांची कमाई दाखवावी लागते. नोकरी गेली तरी व्हिसा उभा राहतो, आणि मुदत संपल्यावरही सहा महिन्यांपर्यंत सवलत मिळते. खर्च स्वतःलाच करावा लागतो म्हणून लोक कचरतात. ज्याची मुलं दहावी-बारावीत आहेत, त्याने तो खर्च करावा असं मला ठामपणे वाटतं. कंपनी बदलली तरी शाळा बदलत नाही, ही शांती त्या पैशांपेक्षा जास्त आहे.

बाकीच्या वाटा थोडक्यात. भारतातल्या किंवा इतर देशातल्या कंपनीचं काम दुबईत बसून करायचं असेल तर एक वर्षाचा दूरस्थ कामाचा व्हिसा आहे, महिना साडेतीन हजार डॉलर उत्पन्न हवं. निवृत्तांसाठी पाच वर्षांचा आहे. वय ५५ किंवा पंधरा वर्षांची नोकरी, आणि दहा लाख दिरहमांची बचत किंवा तेवढ्याच किमतीचं घर किंवा महिना २०,००० दिरहम उत्पन्न (दुबईत १५,०००). तो मिळणं अवघड नाही, साठीनंतर आरोग्यविम्याचा हप्ता परवडतो का हा प्रश्न आहे. शेजारच्या सौदीने २०१९ मध्ये प्रीमियम रहिवास काढला, आठ लाख रियाल एकदाच भरून आजन्म किंवा वर्षाला एक लाख भरून. त्याच सौदीने २०१७ पासून साध्या कामगाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे मासिक शुल्क लावलं. ते शंभर रियालांपासून वाढत २०२० मध्ये चारशेवर गेलं. रत्नागिरीकडच्या कितीतरी बायका-मुलं त्या काळात परत आली आणि बाप एकटे तिकडे राहिले.

इतकं सगळं असूनही शेवटी बहुतेकांना परत यायचंच असतं, आणि परतण्याचीही तयारी व्हिसाइतकीच बारकाईने करावी लागते. कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची बाकी असेल तर आधी बँकेशी बोलावं. नोकरी संपल्याचं कळताच बँक शेवटचा पगार आणि ग्रॅच्युइटी अडकवून ठेवू शकते, आणि बाकी राहिली तर देशाबाहेर जाण्यावर बंदी येऊ शकते. मग घरभाड्याचा करार, वीज-पाण्याची अनामत, कुटुंबाचे व्हिसा, सर्वांत शेवटी स्वतःचा. भारतात परतल्यावर अनिवासी भारतीयांसाठीचं एनआरई खातं तसंच चालवता येत नाही, बँकेला कळवून ते बदलून घ्यावं लागतं. कराच्या बाबतीत मात्र परतणाऱ्याला थोडी उसंत आहे. मागच्या दहांपैकी नऊ वर्षं अनिवासी असलेल्याला साधारण दोन-तीन वर्षं 'निवासी, पण सामान्यतः निवासी नाही' असा दर्जा मिळतो. त्या काळात परदेशातल्या ठेवींचं व्याज किंवा तिथल्या घराचं भाडं भारतात करपात्र नसतं, जर ते भारतातून चालवलेल्या धंद्याचं उत्पन्न नसेल. कोणत्या महिन्यात परतायचं हेही म्हणून आधी ठरवावं. मार्चअखेरीनंतर आलं की दिवसांची मोजणी नव्या आर्थिक वर्षापासून सुरू होते, आणि ते वर्ष कोणत्या दर्जात धरायचं याचा विचार सीएबरोबर बसून तिकीट काढण्याआधी करता येतो.